तीन खडकांचं मागणं

नावातुंदुआ, ४ ऑगस्ट

मेरेओनी,

टेकडीवर चर्चच्या मागे उभं राहिलं की फोनला दोन रेघा येतात. मी रोज चढतो. पण तू माझा नंबर अडवून ठेवलायस. कागद अडवता येत नाही, म्हणून कागद. फाडायचा तर खुशाल फाड. पण काय फाडलं ते कळायला आधी वाचावं लागेल, आणि न कळता काही करणारी तू नाहीस.

मी कॉलेज सोडलं हे एव्हाना तुला सगळ्यांनी तिखटमीठ लावून सांगितलं असेल. एमोसीच्या नाकाबद्दल मला जराही वाईट वाटत नाही. "मेरेओनीला नवरासुद्धा भिंगातूनच शोधावा लागणार," असं तो भर प्रयोगशाळेत म्हणाला आणि सगळे खिदळले. मी नाही खिदळलो. मी ठोसा मारला. तर तू एमोसीला सोडून माझ्यावरच उलटलीस: "तुला फक्त रागावता येतं, सेकोवे. लक्ष देता येत नाही." येताना बोटीत मी ओकत होतो आणि मधल्या वेळात हे वाक्य चघळत होतो.

बाबांनी तर बसच उभी केली. प्रवासी आत बसलेले, मागून गाड्या भोंगे वाजवतायत, आणि हे मला म्हणतात, "उतर. कॉलेज पुरं करेपर्यंत माझ्या गाडीत नाही आणि घरातही नाही." आईनं गुपचूप तिकीट काढून मला तिच्या माहेरी धाडलं. म्हणून मामाकडे आहे. मामा तुला आठवेल. जूनमध्ये आपला वर्ग इथे आला होता, तेव्हा "बाई, एवढ्याशा माशाला काटा तरी असतो का गं?" असं विचारणारा तोच.

मी उतरलो त्याच आठवड्यात थोरले सरदार वारले. किनारा बंद झाला. शंभर रात्री आतल्या उथळ पाण्यात जाळं नाही, भाला नाही, आंघोळसुद्धा नाही. दर्याचा मान मामाच्या घराकडे, त्यामुळे राखणही त्याचीच. कोळ्यांचं गाव सध्या डब्यातला मासा खातंय आणि डब्याकडे बघून शिव्या देतंय.

तुझे तीन खडक जागेवर आहेत. मासे मोजायला तू ठोकलेल्या सळया दिसतात, नारिंगी पट्ट्या मात्र गळून गेल्या. मी होडीतून वाकून पाहिलं. पाण्यात पाऊल घातलेलं नाही.

तुझ्या त्या ठिपकेवाल्या माशांबद्दल काही विचारायचं असेल तर लिही. नसेल तरी मी लिहिणारच.

तुझा नाही, पण दुसऱ्या कोणाचाही नाही असा,
सेकोवे


२२ ऑगस्ट

मेरेओनी,

बोट आली. खलाशाला टपालाची पिशवी दोनदा उपसायला लावली. तो म्हणाला, "तिसऱ्यांदा उपसली तरी कांदेच निघणार."

तुझ्या माशाची वकिली करायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. कितिओनेनं विचारलं, तुझी ती रेवाकडची मुलगी नक्की काय शोधत होती? कितिओने म्हणजे माझा मामेभाऊ. मामेभावाच्या हक्कानं त्यानं माझे पाण्यात घालायचे बूट उचलले आहेत. त्याच्या पायांना ते होत नाहीत, तर टाचा बाहेर ठेवून गावभर मिरवतो. मी त्याला सांगितलं: नखाएवढा मासा. अंग काचेसारखं, आतला कणा दिसतो, वर लाल ठिपके, डोळ्याला सोनेरी कड. जन्मल्यावर उघड्या दर्यात जातो, मोहरीएवढा असताना. मग परत उथळात येतो, पोवळ्याच्या फांद्यांत जागा धरतो, अंडी घालतो आणि मरतो. सगळा संसार दोन महिन्यांचा.

कितिओने म्हणाला, "दोन महिन्यांत लग्न, पोरं, मरण, सगळं? आणि तू गेली दोन वर्षं एका मुलीशी धड बोलू शकला नाहीस?"

मग माझ्या डोक्याकडे बघून म्हणाला, "कोरड्या होडीत बसून तुझे केस ओले कसे रे होतात?"

"घाम आहे."

"घामाला शेवाळ चिकटतं होय?"

तू त्याच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस.

आता एक गोष्ट, जी तुला लिहायला नको. मामा अंगणात अळूचे कंद खरवडत होता. मी म्हटलं, "मामा, मला दात हवाय."

"कुठला? माझ्या तोंडात चारच उरलेत."

"देवमाशाचा. आजोबांचा. पेटीतला."

त्यानं सुरी खाली ठेवली. "मागणी घालायचीय तर. मुलीचा बाप कुठला?"

"रेवाचा. चर्चमध्ये उपदेश करतो."

"मग नुसता दात नेऊन भागायचं नाही, उपदेशही ऐकावा लागेल. मुलगी हो म्हणाली?"

"नाही."

"नाही म्हणाली?"

"तिनं माझा नंबर अडवलाय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे दार लावून घेतलंय."

मामानं पुन्हा सुरी उचलली. "लावलेल्या दारावर दात आपटून ते उघडत नसतं, भाच्या." पण भाच्यानं मागितलं की मामाला नाही म्हणता येत नाही. दात पेटीतच आहे, पण आता तो माझा आहे. आमच्या घरात दुसरा नाही. रागावू नकोस. मी खोडायला पेन उचललं होतं, मग म्हटलं राहू दे.

वाईट बातमी शेवटी ठेवली. किनारा उघडेल त्या दिवशी मोठा घेर धरायचाय. वेलींचा लांब दोर वळायला घेतलाय, त्याला नारळाच्या झावळ्या बांधतायत. सगळं गाव तो दोर धरून पाण्यात उतरणार, घेर आवळत आवळत मासे दगडी बांधाच्या तोंडाशी आणणार. तुझे खडक कुठे आहेत ते तुला माहीतच आहे. बांधाच्या तोंडाशी. अख्ख्या गावाचे पाय, वर नाचणारी पोरं. फांद्यांचा चुरा होईल.

काय करू ते कळवशील? हो की नाही एवढंच लिही.

सेकोवे


३ ऑक्टोबर

मेरेओनी,

मधल्या दोन बोटींनी काही पाठवलं नाही. लिहिलं होतं, पण त्यात रागच जास्त होता. त्यातलं एक कितिओनेनं चूल पेटवायला नेलं आणि म्हणाला, छान पेटलं.

एक हिशेब मनात आला आणि दिवसभर गेला नाही. तू जूनमध्ये इथे कंबरभर पाण्यात वाकून जे ठिपके मोजलेस, त्यांतला आज एकही जिवंत नसेल. त्यांची पोरंही गेली असतील. आता आहेत ती नातवंडं, आणि नातवंडंही कुणाची कोण जाणे, दर्यात वाहून गेलेल्यांतून कोण कुठे परततं याचा काय नेम. तरी त्याच फांदीच्या त्याच बेचक्यात एक बसलेला असतो. मला वाटायचं मी तुझे मासे राखतोय. मासे कुठले, मी जागा राखतोय. हे तुला आधीच माहीत असणार. मला आत्ता कळलं.

एक भानगड झालीय.

पट्ट्या गळून गेल्या होत्या ना, म्हणून गढूळ पाण्यात सळया सापडाव्यात यासाठी मी प्रत्येक सळईच्या टोकाला नारळाची पात बांधली. दोन पात्या, मध्ये गाठ. हाताला लहानपणापासून तीच गाठ येते. ओहोटीला सळयांची टोकं उघडी पडली आणि बायकांना दिसलं: काठीवर गाठीची पात.

आता हस. ती पात बांधली की तिथे कोणी जायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला सोडून.

गावभर झालं की शंभर रात्री संपल्या तरी नव्या सरदारांनी बांधाजवळचा सगळ्यात चांगला तुकडा गुपचूप स्वतःसाठी राखून ठेवलाय. सरदार म्हणतात, "मी बांधली नाही." मग लोक म्हणतात, तर दर्याच्या राखणदारानं बांधली, म्हणजे मामानं. सरदारांच्या घरचे आता बैठकीत मामाच्या हातची यंगोनाची करवंटी पीत नाहीत. काल मामानं करवंटी पुढे केली, सरदारांच्या पुतण्यानं हात मांडीवरच ठेवले. मामा ती करवंटी धरून बसून राहिला. मग स्वतःच प्यायला. पिणाऱ्यासाठी वाजवायची ती टाळी कोणीच वाजवली नाही.

माझ्यावर कुणाचा संशय नाही. शहरातलं पोर, बसचालकाचा मुलगा, त्याला गाठ काय कळणार.

आणि ऐक. पात पाहून बायका मागे फिरल्या. दोरवाले म्हणतायत, बांधाच्या तोंडाशी घेर आवळायचा नाही, वरच्या अंगाला आवळू. म्हणजे मी नुसता गप्प राहिलो तर तुझे खडक वाचतात.

मी गप्प आहे. यात माझं काय चुकलं? गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नाही.

हे लिहिताना मामा समोरच जाळं विणत बसलाय. बंदीच्या दिवसांत जाळं विणायचं काही कारण नाही. तो विणतोय आणि उसवतोय.

से.


३० ऑक्टोबर

मेरेओनी,

सभा झाली. तुला सगळं सांगतो आणि या वेळी जसं झालं तसं सांगतो.

सरदारांच्या घरी सगळे बसले होते. मी दाराशी, पोरासोरांत. तिथून बोलायचं नसतं. सरदारांचा पुतण्या उठला आणि म्हणाला, दर्याचा मान आता दुसऱ्या घराकडे जावा, ज्या हातानं चोरून पात बांधली त्या हातात दोर नको. मामा खाली बघत होता. त्याला एक शब्द म्हणता आला असता, "मी नाही." तो म्हणाला नाही. राखण त्याची, म्हणजे दोषही त्याचा, असा त्याचा न्याय.

मी उठलो. कितिओनेनं माझा कमरेचा सुलू ओढला, "बस खाली, येड्या." सुलू जवळजवळ सुटलाच. एका हातानं तो धरून मी अख्ख्या गावासमोर ओरडलो, "पात मी बांधली!"

हसू आधी फुटलं. मग सगळ्यांच्या माना सरदारांकडे वळल्या.

"बंदीच्या पाण्यात उतरून?" सरदारांनी विचारलं.

"हो."

"किती वेळा?"

"जवळजवळ रोज."

मागून कितिओने पुटपुटला, "घाम, घाम." तेव्हा, मेरेओनी, पहिल्या पत्रातलं ते पाण्यात पाऊल न घातल्याचं खोटं होतं. होडीतून ठिपके दिसत नाहीत. त्यांना बघायला तोंड पाण्यात घालून, श्वास रोखून, अगदी दगडासारखं पडून राहावं लागतं. मग ते एकेक करून बाहेर येतात.

मामा उठून घरी गेला. मला वाटलं लाजेनं गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात दात होता, काथ्याची दोरी लोंबत होती. तो गुडघ्यावर सरकत सरदारांपुढे गेला आणि थांबला. मागे वळून मला म्हणाला, "हा तुझा आहे. मी दिलाय तुला. तू सांगशील तर पुढे करतो. नाहीतर पेटीत ठेवतो आणि जे व्हायचं ते माझ्या घराचं होऊ दे."

मला तुझे बाबा दिसले. त्यांची ओसरी मी पाहिलेली नाही, तरी दिसली. मी म्हटलं, "पुढे करा, मामा."

सरदारांनी दात हातात घेतला. वजन घेतल्यासारखा धरून ठेवला. म्हणाले, "घेतला. मामाच्या घराला डाग नाही. आता मुला, दाताबरोबरचं मागणं तुझं. काय मागतोस?"

सगळ्यांना माहीत होतं मी काय मागणार. माफी. दात घेतला की मागणं परत पाठवता येत नाही; माफी मागायची, करवंटी प्यायची, टाळ्या, घरी. एका दाताबरोबर एकच मागणं.

मी म्हटलं, "बांधाच्या तोंडाशी तीन खडक आहेत. सळया ठोकलेले. घेर त्यांच्या बाहेरून जावा. त्यांच्यावर पाय पडू नये."

"त्यात काय आहे?"

"मासे."

"कुठले मासे?"

मी नखाचं टोक दाखवलं. एक म्हातारी म्हणाली, "आमिषाला लावायचे का?" दुसरी म्हणाली, "तळून बघ. कढईत सापडले तर सांग." सरदारांनी सगळ्यांना हसू दिलं. मग विचारलं, "माफी नको?"

"एकच दात होता."

"ठीक. खडक दिले. माफी दिलेली नाही."

म्हणून नाताळपर्यंत मला पुरुषांत बसून यंगोना नाही, मी दाराशीच, आणि किनारा उघडण्याच्या मेजवानीच्या भट्टीचं सगळं लाकूड एकट्यानं वाहायचं.

घरी जाताना मामानं चाल मंद केली. मग म्हणाला, "मुलीच्या बापाकडे आता काय नेशील?"

"काही नाही."

"निदान खायच्या लायकीचे मासे तरी मागायचेस, गाढवा." आणि माझ्या मानेवर हात ठेवून चालत राहिला.

मी हे तुझ्यावर उपकार म्हणून केलेलं नाही. बरं, थोडं केलंय. मामासाठी उठलो, ते खरं. खडक मागताना मात्र तूच डोक्यात होतीस, आणि तूसुद्धा पूर्ण नाही, नुसती तुझी पाण्यात वाकलेली पाठ. तू तासभर हलली नव्हतीस, आणि मी काठावरून तुला खडे मारत होतो, लक्ष माझ्याकडे जावं म्हणून.

सेकोवे


१२ नोव्हेंबर

मेरेओनी,

किनारा उघडला. माझ्या खांद्यांची सालं निघालीत. लाकडाबद्दल अधिक लिहीत नाही.

दोर केवढा लांब होता! पहाटे लालीचा लाकडी ढोल वाजला, सगळे उतरले, म्हाताऱ्यासुद्धा. मामा बांधावर उभा राहून हातानं दिशा देत होता. सरदारांचा पुतण्या त्याच्याच शेजारी दोर धरून होता. मी किनाऱ्यावरून बघत होतो, मला उतरायची परवानगी नव्हती. घेर आवळत आला, मासे उडायला लागले, लोक बेभान झाले. तेव्हा वाटलं, संपलं. त्या धुमाकुळात कोणाला सळया आठवणार?

तर कितिओने. माझे बूट घालून, टाचा बाहेर, तिन्ही खडकांच्या मध्ये वाळूवर हात पसरून उभा. जो जवळ येईल त्याच्यावर खेकसत होता, "ए, बाहेरून! बाहेरून! ही माझ्या भावाची सासुरवाडी आहे, चपला काढून या!" सगळा घेर हसत हसत वळसा घालून गेला. एका पोराचं पाऊल कडेच्या खडकावर पडलंच. वरची एक फांदी मोडली. बाकी सगळं शाबूत आहे. मोडलेली आहे ती किनाऱ्याकडच्या खडकाची, तुझ्या नोंदीसाठी.

संध्याकाळी दाराशी बसून मी कंद आणि मासा खाल्ला. आत टाळ्या वाजत होत्या. मामाच्या करवंटीसाठीही वाजली.

मी बाबांना पत्र टाकलंय. काय लिहिलंय ते त्यांचं उत्तर आल्यावर सांगेन.

तुला यापुढे लिहू की नको, हे विचारणार होतो. पण विचारलं की तुला उत्तर द्यावं लागेल, म्हणून नाही विचारत.

सेकोवे


४ डिसेंबर

मेरेओनी,

तुझं पत्र मामांना मिळालं. मला नाही, मामांना. त्यांनी पाकीट उन्हात धरलं, फिरवलं, आणि मला म्हणाले, "दर्याच्या राखणदारास, असं लिहिलंय. तू नव्हेस. मी. वाच."

मी वाचलं. थोरल्या सरदारांबद्दलचा शोक, मामांच्या घराला नमस्कार, आणि पुढच्या सुट्टीत तीन खडकांपाशी येण्याची परवानगी. सगळं रीतीनं. मामा मान डोलावत होते: "बघ. असं विचारायचं असतं. पात बांधायची नसते." मग तुझा प्रश्न, की तोवर कोणी पाहणारं असेल तर मधल्या खडकावर अंडी आहेत का, कुठल्या अंगाला, आणि राखणारे नर किती.

आणि अगदी खाली ती एक ओळ: कितिओनेला बूट झाले का?

मामा म्हणाले, "कुठले बूट? रेवाच्या मुलीला आपल्या कितिओनेचे बूट कसे ठाऊक?" कितिओने माझ्याकडे बघून दात काढत होता. मी उठून नीरफणसाच्या झाडामागे गेलो आणि जरा वेळानं आलो.

मामा म्हणाले, "मी नारळ सोलतो. उत्तर तू लिही. पण तिनं विचारलंय तेवढंच."

तर परवानगी आहे. मामांच्या घरी उतरावं.

मधल्या खडकावर अंडी आहेत. भरतीचं पाणी येतं त्या अंगाला, खालून दुसऱ्या फांदीच्या पोटाशी. पाच-सहा दिवसांपूर्वी दर्यातून नवे आले, अजून ठिपके फिके आहेत त्यांचे. ही अंडी त्यांची नाहीत, आधीच्यांची आहेत.

राखणारा नर एकच. आज सकाळभर पाहिला. पंखांनी अंड्यांवर पाणी ढकलत होता. मोठा मासा आला की फांदीत शिरतो, गेला की पुन्हा तिथेच. माझी सावली पडली तेव्हाही आत गेला, म्हणून मी सरकून बसलो. मग आला.

कितिओनेला बूट होत नाहीत. टाचा बाहेरच आहेत.

मामांच्या वतीनं,
सेकोवे